डॅशबोर्डमागचे सात प्लग

मलकापुरात गाडीच्या वायरिंगचं काम निघालं की लोक फकीर मोहम्मदचं नाव घेत. हायवेवरचे ट्रकवाले दिवे गेलेल्या गाड्या तशाच रेटत आणायचे आणि म्हणायचे, ‘फकीरभाईलेच दाखवू.’ फकीरभाईंना जाऊन आता तीन वर्षं झाली होती. दुकानात त्यांचा मुलगा वकार मोबाइल दुरुस्त करायचा, रिचार्ज मारून द्यायचा. पाटी तेवढी बापाच्या नावाची राहून गेली होती. नवी करू, नवी करू म्हणता म्हणता ते काम मागे पडलं होतं.

त्या पाटीमुळेच २००७ सालच्या दिवाळीनंतर ज्ञानेश्वर नावाचा शेतकरी दुकानासमोर येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, हातात एक प्लास्टिकची पिशवी.

“फकीरचाचा हायेत काय?”

“अब्बा गेले भाऊ,” वकार म्हणाला. “तीन वर्षं झाले.”

ज्ञानेश्वर स्टुलावर बसला. “मले मालूमच नव्हतं,” एवढंच म्हणाला, पण उठेना. त्याचा चेहरा पाहून वकारनं आत पाण्यासाठी हाक मारली. घर दुकानाच्या मागेच होतं, मध्ये एक पडदा. तो सारून पाणी घेऊन आली ती नजमुन्निसा, फकीर मोहम्मदची बायको. पन्नाशी ओलांडलेली, ओढणी नीट डोक्यावर घेतलेली, बोटात गोधडी शिवताना घालायची धातूची टोपी तशीच.

पाणी पिऊन ज्ञानेश्वर बोलायला लागला. त्याचं गाव रोहिणखेडच्या अलीकडे. त्याचे वडील पुंजाजी म्हणजे वामनराव डॉक्टरांचे ड्रायव्हर. डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे नाशिकला गेले, तेव्हा आपली अँबॅसिडर पुंजाजीलाच ठेवून गेले. ती अकरा वर्षं गोठ्यात पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाखाली उभी होती.

“दोन वर्षं झाले चाची, कपाशी साथ देऊन नाई राह्यली. बीटी आलं तवा पह्यल्या साली झाडं पाहूनच पोट भरे. मंग लाल्या आला. बोंड भरायच्या आदीच पानं लाल. यंदा मी अर्ध्या वावरात सोयाबीन अन् तूर लावली. अन् ठरवलं का ही गाडी नीट करायची, नवरदेवासाठी द्यायची. आता लोकायले जुनी गाडी लय आवडते. गाव हासते मले, हासू द्या.”

इंजिन मोताळ्याच्या मिस्त्रीनं चालू करून दिलं होतं. रंगही झाला होता. पण रंगाच्या वेळी डॅशबोर्ड ज्यानं काढला, त्यानं एकाही वायरीवर खूण केली नाही. आता डॅशबोर्ड बसवला तर मागे सात प्लग लोंबत होते आणि कुठला कशाचा ते कुणालाच सांगता येत नव्हतं. एका इलेक्ट्रिशियननं अंदाजानं एक जोडून पाहिला, तर धूर निघाला. तो माणूस पाने-पकडी गोळा करून निघून गेला, तो परत आला नाही. आणि आठ दिवसांनी मोताळ्याच्या एका लग्नाला गाडी सांगितलेली होती.

“ते वायरिंग फकीरचाचानंच केलं होतं, डॉक्टरसायेबाच्या वेळी. म्हणून आलो.” त्यानं पिशवीतून वायरीचा एक तुकडा काढला. टोकाला मळकट प्लग. “हा त्या इलेक्ट्रिशियननं तोडून ठेवला. हा सातातला एक.”

वकारनं तो उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. नजमुन्निसानं पेला उचलता उचलता तो तुकडा हातात घेतला. ओढणीच्या टोकानं वायर पुसली. मळाखाली हिरवा रंग होता आणि त्यावर बारीक लाल रेघ.

“हे डाव्या इंडिकेटरची,” ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. ती स्वतःही जरा चपापली.

“अम्मी, तुले कसं मालूम?”

खरं तर वकारला ते ठाऊक असायला हवं होतं. लहानपणी त्यानं रोज पाहिलं होतं. मागच्या खोलीत एक लांब फळी होती, तिच्यावर खिळे ठोकलेले. फकीर मोहम्मद दुकानातून माप आणि रंगांची यादी तोंडी सांगून जायचे आणि नजमुन्निसा त्या खिळ्यांभोवती वायरी ओढून, टेप गुंडाळून गाडीचा अख्खा वायरिंगचा जुडगा तयार करायची. हिरव्यावर लाल डावं, हिरव्यावर पांढरं उजवं, निळं मोठ्या दिव्याचं म्हणजे हेडलाइटचं, तांबडं मागच्या दिव्यांचं. तीस वर्षं. जुडगा तयार झाला की तो दुकानात जायचा आणि तिथून गाडीत. तिला अक्षर येत नव्हतं, पण रंग कधी चुकले नाहीत. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं आणि पोरानंही त्याला आईच्या स्वयंपाकासारखंच धरलं होतं, घरात चालतं तसं.

ज्ञानेश्वर उभा राहिला. “चाची, तुमी येता काय गावाले?”

“मी?” नजमुन्निसा हसली. “भाऊ, म्या कधी गाडीत हात नाई घातला. मी घरात बसून बांधत होती. फळीवर सगळं सरळ असते. गाडीत कोणती वायर कोठी वळते, ते त्यायलेच मालूम.”

“तरी तुमाले इतकं समजते. बाकीच्यायले तेही नाई समजत.”

ती रिकामा पेला घेऊन पडद्याकडे वळली. पण तो निघाला तेव्हा प्लगचा तुकडा तिच्या हातातच होता आणि त्यानं तो मागितला नाही.

तो गेल्यावर वकार म्हणाला, “अम्मी, तू नको जाऊ. लोक काय म्हणतीन? फकीरभाईची बायको खेड्यापाड्यात गाड्या दुरुस्त करत फिरते. अन् जळली बिळली गाडी तर?”

“जळू नये म्हणूनच तो आला ना इथलोक,” ती म्हणाली. “रविवारी दुकान बंद असते. तू मले नेशीन.”

वकारनं आणखी दोनदा नको म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी त्यानं बापाची टूलची पेटी खाली काढली आणि रविवारी येतो म्हणून ज्ञानेश्वरला फोन केला.

रविवारी सकाळी दोघं मोटारसायकलवर निघाली. मोताळ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशीच होती. काही वावरं हिरवी, काही पार लाल पडलेली. बायका वेचणीला लागल्या होत्या आणि त्यांच्या कमरेच्या ओट्या अर्ध्यासुद्धा भरलेल्या दिसत नव्हत्या. नजमुन्निसा मागे बसून पाहत होती. तिच्या मनात एकच चालू होतं, वायर जिथं दिसत नाही तिथं काय करायचं?

गावात शिरताच एक गोष्ट तिच्या लक्षात आली. लोक घरांच्या ओट्यांवरून उठून उभे राहिले, पण कुणी बोलेना. एक म्हातारी पदर तोंडाला लावून पुढे आली आणि हळूच विचारलं, “कोणाच्या घरी आलात बाई? काय झालं?”

गेल्या दोन वर्षांत त्या बाजूच्या गावांत परकी माणसं आली की ती नापिकीपायी जीव दिलेल्या कुणाच्या तरी दारात बसायला आलेली असायची. कधी पाहुणे, कधी वहीत लिहून घेणारे साहेब. नजमुन्निसाला ते समजलं.

“काई झालं नाई माय,” ती घाईघाईनं म्हणाली. “गाडी नीट कराले आलो. ज्ञानेश्वरभाऊची.”

“गाडी?” म्हातारीनं पदर खाली केला. मग मागे वळून ओरडली, “अगं, काई नाई, गाडी नीट कराले आले!” आणि अर्धा गाव त्यांच्या मागे गोठ्याकडे चालायला लागला.

ज्ञानेश्वरची बायको आशाबाई आधीच सारवून, बाज टाकून वाट पाहत होती. तिनं दोघांना चहा दिला आणि माणसांना दारातच थोपवलं. गोठ्यात ती पांढरी अँबॅसिडर उभी होती. बाजेवर पुंजाजी बसलेले. पंच्याहत्तरीचे, कानानं मंद, पण नजर गाडीवरून हलत नव्हती.

ज्ञानेश्वरनं डॅशबोर्ड पुढे ओढून धरला. मागे धुळीचा आणि उंदरांच्या कातरणाचा पसारा होता आणि त्यातून प्लग लोंबत होते, सहा. सातवा नजमुन्निसाच्या पिशवीत. सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. फळीवर हे असं कधीच नव्हतं.

पुढच्या सीटवर बसायला तिला संकोच वाटला. मग ती बसली, चप्पल बाहेर काढून.

“बॅटरीची वायर काढली काय?”

“हाव चाची.”

“मंग मले रॉकेलचं फडकं द्या.”

ती एकेक वायर पुसत गेली. दोनांचे रंग जुनेपणानं इतके उडाले होते की निळं कोणतं, हिरवं कोणतं कळेना. तेव्हा तिनं टेप जिथून सुरू होतो तिथला वेढा ब्लेडनं हलकेच उकलला. आत, जिथं उजेड कधी पोचला नव्हता, तिथं रंग जसाच्या तसा होता. एक हिरव्यावर काळी रेघ. एक पांढऱ्यावर तपकिरी. एक तांबडी. उरलेल्यांतल्या दोन मात्र उंदरानं टेपसकट कुरतडल्या होत्या, त्यांचा रंग सांगता येत नव्हता.

“हिरवी-काळी पेट्रोलच्या टाकीची,” ती म्हणाली. “तिले आता हात नाई लावायचा. टाकीजोळ ठिणगी नाई पाह्यजे. पांढरी-तपकिरी इंजिन ऑइलच्या दिव्याची. तांबडी मागच्या दिव्यायची.”

“अन् ह्या दोन?”

“एक मोठ्या दिव्याची असन. दुसरी मले नाई मालूम.”

वकार इतका वेळ दारात उभा होता. आता तो जवळ आला. “अम्मी, अब्बा असं झालं तर बल्ब लावत होते. आठवते तुले? बॅटरी अन् वायरीच्या मधात हेडलाइटचा बल्ब.”

तिला आठवलं. मध्ये बल्ब असला की चूक झाली तरी बल्ब पेटतो, वायर जळत नाही. वकारनं पेटीतून बल्ब काढला, बॅटरी जमिनीवर ठेवली, एक तार गाडीच्या बॉडीला आणि दुसरी बल्बातून आईच्या हातात दिली.

तिनं आधी ती डाव्या इंडिकेटरच्या, प्लग तोडलेल्या वायरीला लावली. पुढच्या कोपऱ्यातला दिवा मंद पिवळा झाला. दारातून कुणीतरी टाळी वाजवली. मग कुरतडलेल्या दोनांतली पहिली तिनं हातात घेतली आणि ठामपणे म्हणाली, “हे मोठ्या दिव्याची.”

तार लागली आणि काचेवरचा वायपर कण्हत कण्हत अर्ध्यापर्यंत चढला.

बाहेरची म्हातारी जोरात हसली आणि सगळे हसायला लागले. नजमुन्निसाही हसली, ओढणी तोंडावर धरून. “चुकली मी. मंग दुसरी हे मोठ्या दिव्याची.” ती खरंच मोठ्या दिव्याची निघाली. त्या हसण्यानंतर तिचा हात भराभर चालायला लागला. चुकलं तरी काही जळत नाही, हे तिला कळलं होतं.

पांढऱ्या-तपकिरीला तार लावली तेव्हा मधला बल्ब पूर्ण पेटला. ज्ञानेश्वर दचकून मागे सरला. “धूर नाई ना?”

“वकार, इंजिनाजोळ याच रंगाची वायर पाह्य. काढ ती.”

वकारनं इंजिनाच्या बाजूची वायर उपसली आणि बल्ब विझला. पुन्हा लावली, पेटला. ऑइलच्या दिव्याचीच होती, ठीक होती.

आता तांबडी. तार लावताच बल्ब पुन्हा लख्ख. वकारनं मागचे दिवे सोडवून पाहिले, तरी बल्ब विझेना. म्हणजे वायर मध्येच कुठंतरी बॉडीला टेकत होती. धूर इथूनच निघाला होता. नजमुन्निसानं तार वकारकडे दिली, गाडीत आडवी झाली आणि डॅशबोर्डखाली हात घालून तांबडी वायर बोटांनी चाचपत निघाली. फळीवर ती अशीच वायरीवरून बोट फिरवत जायची, टेप कुठं सैल राहिला ते पाहायला. उजव्या कोपऱ्यात पत्र्याच्या भोकातून वायर बाहेर जात होती, तिथं बोटाला उघडं तांबं लागलं.

“विझला काय?” तिनं वायर पत्र्यापासून उचलून धरली.

“विझला, अम्मी!”

तिनं तिथं टेपचे चार वेढे दिले आणि भोकाच्या काठावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवायला लावला. बाहेर येऊन बसली तेव्हा ओढणी काळी झाली होती. आशाबाईनं न विचारता दुसरा चहा आणला.

आता सहावा म्हणजे शेवटचा लोंबता प्लग उरला. त्यात दोन वायरी होत्या, पिवळी आणि काळी, अगदी साध्या. कुठल्याच दिव्याच्या वायरी या रंगाच्या नसत. बल्ब लावून पाहिला, तर काहीच जागं झालं नाही. वकार म्हणाला, सोडून देऊ. नजमुन्निसानं सोडलं नाही. त्या दोन वायरी कशानं बांधल्या आहेत ते तिनं पुसून पाहिलं. टेप नव्हता. मेण लावलेला निळा दोरा होता, एक टाका सोडून एक, अशा ओळीनं गाठी घातलेल्या.

ती गाठ ती आजही घालत होती, गोधडीच्या काठाला.

“वकार,” ती म्हणाली, “हे म्या बांधलं हाय.”

तिला तो दिवस आठवला. घरात टेप संपला होता. फकीर मोहम्मद म्हणाले होते, डॉक्टरला काहीतरी वेगळं पाहिजे, आजच द्यायचंय. तिनं गोधडीचा दोरा घेतला होता. कुठला डॉक्टर, कुठली गाडी, ते काय करायचं, यातलं तिला काही कळलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. तीस वर्षांत तिनं बांधलेल्या वायरी किती गाड्यांत गेल्या असतील. त्यांतली एकही गाडी तिनं आतून पाहिली नव्हती. ही पहिली. डोळे भरून आले, तिनं ते लपवले नाहीत.

वायर बोटांनी धरत ती डाव्या बाजूला, पायदानाच्या वर पोचली. तिथं चटईमागे एक छोटं गोल सॉकेट होतं. ज्ञानेश्वरनं ते बापाला दाखवलं आणि कानाशी ओरडला, “बाबा, हे काय हाय?”

पुंजाजी बाजेवरून उठले. सॉकेटला हात लावला.

“हातदिवा,” ते म्हणाले. “डॉक्टरसायेबाचा. लांब वायर होती त्याले. पेशंट गाडीपर्यंत येऊ नाई शकला तर दिवाच बाहेर नेत. राजूर घाटात एका बाईची सुटका याच्याच उजेडात केली होती. दिवा म्या धरला होता. पोरगी झाली.” मग नजमुन्निसाकडे वळले. “फकीरभाईनं लय पक्कं बसवलं होतं. कदी धोका नाई देल्ला.”

“अब्बानं बसवलं,” वकार म्हणाला. त्यानं आवाज चढवला, म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून, आणि ते दारातल्या सगळ्यांनाच ऐकू गेलं. “बांधलं अम्मीनं होतं.”

पुंजाजींनी तिला हात जोडले. ती गडबडून उठली आणि तिनंही जोडले.

दुपारपर्यंत तोडलेला तुकडा जोडून सातही प्लग जागेवर बसले. बॅटरी जोडताना ज्ञानेश्वरनं डोळे मिटून घेतले होते. धूर निघाला नाही. किल्ली फिरवली, ऑइलचा तांबडा दिवा लागला, पेट्रोलचा काटा हळूहळू वर आला आणि अर्ध्याच्या थोडा अलीकडे थांबला. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. ऑइलचा दिवा विझला. बाहेर पोरांनी आरडाओरडा केला. ज्ञानेश्वर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिला आणि आशाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग ती म्हणाली, “चला आता, चाचीले जेवू घालू.”

पहिली चक्कर पुंजाजींनी मारायची असं ठरलं. कान मंद असले तरी हात विसरले नव्हते. शेजारी नजमुन्निसाला बसवलं. गावच्या वेशीपर्यंत जाऊन गाडी परत आली, तेवढाच रस्ता. कपाशी वेचणाऱ्या बायका बांधावर येऊन पाहत होत्या. कुणीतरी ओटीतला कापूस उधळला, वरातीवर फुलं उधळतात तसा.

मोताळ्याचं लग्न नीट पार पडलं. नवरदेवानं गाडीतून उतरायलाच नको म्हटलं, असं ज्ञानेश्वरनं फोनवर सांगितलं. त्यानंतर पौष लागायच्या आत त्याला आणखी तीन ठिकाणची बोलावणी आली. शेती त्यानं सोडली नाही. तूर बरी आली होती. पण घर आता एकट्या वावराच्या जिवावर राहिलं नव्हतं, आणि तेवढ्यानं त्याच्या बोलण्यातला सूर बदलला होता.

जानेवारीत निवृत्ती नावाचा एक ट्रॅक्टरवाला दुकानापुढे येऊन थांबला. त्याच्या ट्रॅक्टरच्या मीटरचा एकही दिवा लागत नव्हता. काउंटरवर मोबाइल उघडून बसलेल्या वकारला त्यानं विचारलं, “ते वायरिंगवाल्या चाची इथंच असतात काय? ज्ञानेश्वरनं धाडलं.”

“इथंच,” वकार म्हणाला आणि पडद्याकडे तोंड करून हाक दिली.

नजमुन्निसा बाहेर आली, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि पायरीवर पाय ठेवला.

“आदी बॅटरी काढा भाऊ,” ती म्हणाली. “मंग सांगा, बंद काय काय हाय.”